मोहदरीच्या शाळेतला माईक

फुलसिंग गुरुजींचा कान भारी तिखट होता. फळ्याकडे तोंड करून ते लिहीत असायचे, पाठीमागे खोलीभर पोरं एका सुरात पाढे म्हणत असायची, आणि त्या गलक्यातून मान न वळवता गुरुजी म्हणायचे, "मागच्या पट्टीवर कोन हाय रे? तेरा साती गिळून टाकलं त्यानं." ज्यानं गिळलं असेल ते पोरगं चपापायचं आणि दोन दिवस खरोखर पाठ करून यायचं.

मोहदरी हे घाटंजीकडचं कापूस-ज्वारीचं गाव. गावाला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा. दोघांची शाळा एकच, जनपद सभेनं चालवलेली, कवेलूच्या छपराची, दोन खोल्यांची. फुलसिंग राठोड त्याच तांड्यातले. त्यांचे आजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. वडलांनी जमीन धरली आणि शेती केली. आणि फुलसिंग तांड्यातला पहिला सातवी पास. नॉर्मल स्कूलमधून मास्तरकीचं शिकून ते आपल्याच गावच्या शाळेत मास्तर होऊन आले, तेव्हा तांड्याच्या प्रमुखानं, नायकानं, गूळ वाटला होता.

लहानपणी याच शाळेत ते बोलायला उभे राहिले की पोरं हसायची. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी आणि पुस्तकात तिसरीच भाषा. ते हसणं त्यांना विसरता आलं नव्हतं. म्हणून त्यांच्या वर्गात कुणाच्या बोलण्यावर हसायची सोय नव्हती. तांड्यातलं एखादं पोर पहिल्या दिवशी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं, की गुरुजी त्याच्यासमोर उकिडवे बसायचे, कान त्याच्या तोंडाशी न्यायचे आणि म्हणायचे, "हं, आता मले सांग. बाकीच्याइले नको सांगू." पोर सांगायचं. काही दिवसांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. गुरुजींचं शिकवणं म्हणजे एवढंच होतं, असं हेडमास्तर सदाशिवराव म्हणायचे. पण तेवढं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

सत्तावन्न साली कापसाच्या वेचणीच्या दिवसांत गुरुजींना खोकला धरला. संध्याकाळी अंग तापायचं. काढे झाले, घाटंजीच्या डॉक्टरची औषधं झाली. एक दिवस वर्गातच खोकल्याची उबळ आली आणि धोतराच्या सोग्यावर रक्त पडलं. क्षय होता. त्यांचा थोरला भाऊ बाबूसिंग त्यांना नागपूरला घेऊन गेला. बायको रुपीबाई तेव्हा पोटुशी होती, तिला जाता आलं नाही. गाडी पांदणीच्या वळणापर्यंत दिसत होती तोवर ती तांड्याच्या कडेला उभी राहिली.

दवाखान्यात त्यांना रोज सुई टोचत. महिन्या-दोन महिन्यांत ताप उतरला, खोकला कमी झाला, अंगाला मांस धरू लागलं. त्याच सुमारास बाबूसिंग भेटायला आला आणि सांगून गेला, "पोरगी झाली. याडी-पोरगी दोघी बऱ्या हायेत. नंदा नाव ठेवलं." आणि त्याच सुमारास गुरुजींच्या कानात रातकिडे ओरडू लागले. दिवसाउजेडी, भर दुपारी. पलीकडच्या खाटेवरचा माणूस बोलला की त्याच्या शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या वाटायच्या.

त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर वयस्क होते. खाटेवर बसले आणि त्यांनी लपवलं नाही.

"ही सुई छाती वाचवते, पण कानाला लागते. सगळ्यांना लागत नाही, तुम्हाला लागलेली दिसते. थांबवली तर छाती पुन्हा बिघडेल. दिली तर कान किती राहतील ते सांगता येत नाही. कधी कधी सुई बंद केल्यावरही ऐकू येणं कमी होत जातं."

"पुरे जातील?"

"जाऊ शकतात."

पोरगी गुरुजींनी अजून पाहिलीसुद्धा नव्हती. ते म्हणाले, "द्या सुई."

*

दुसऱ्या वर्षी तुरी कापणीला आल्या तेव्हा ते घरी परतले. भेटायला सगळा तांडा आणि निम्मं गाव लोटलं. त्या गर्दीत कोण काय म्हणतंय हे कळलं नाही तरी चालून गेलं. सगळ्यांकडे पाहून हात जोडले की झालं. नंदा तेव्हा धरून उभी राहायला लागली होती. परक्या माणसाला पाहून तिनं तोंड वासलं, ओठ थरथरले, डोळ्यांत पाणी आलं. गुरुजींना वाटलं, पोर मुकाट्यानं रडते, शहाणी आहे.

रुपीबाईच्या लक्षात यायला चार-आठ दिवस लागले. ती विहिरीवर गेली होती. घरी झोळीत नंदा आणि झोळीपासून हातभर अंतरावर, तिकडे पाठ करून, गुरुजी वाचत बसलेले. पाण्याची गुंड घेऊन ती अंगणात आली तेव्हा पोरीचं रडणं शेजारच्या घरांपर्यंत जात होतं. रडून रडून पोर लालभडक झाली होती, श्वास कोंडत होता. गुरुजींनी शांतपणे पान उलटलं.

रुपीबाईनं गुंड खाली ठेवली, पोरीला उचललं आणि नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"तुमाले ऐकू नाई आलं?"

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोरीच्या तोंडाकडे. पुस्तक मिटलं.

"कवापासून रडून राह्यली?" त्यांनी विचारलं.

ती पोरीला छातीशी धरून तिथंच मातीत बसली. मग गुरुजींनी तिला सगळं सांगितलं, सुईचं आणि डॉक्टरचं. शेवटी म्हणाले, "शाळेत सांगू नको. अजून थोडं थोडं येते ऐकू. चालवून घेईन."

चालवून घेणं काही महिने चाललं. पोरांच्या ओठांवर नजर ठेवायची, पाढे म्हणताना बोटांची हालचाल पाहायची, प्रश्न विचारायचा तो असा की उत्तर पाटीवर लिहूनच द्यावं लागेल. पण पोरांना फसवणं अवघड असतं. एके दिवशी चौथीतल्या लखीरामनं पाढा म्हणता म्हणता मधेच 'तेरा साती भाकर, तेरा आठी चटणी' असं घुसडलं. गुरुजी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. म्हणाले, "शाब्बास." वर्ग खदखदून हसला. एवढे चेहरे हसताना दिसले म्हणून गुरुजीही हसले.

ते हसले तसा वर्ग एकाएकी गप्प झाला. पोरांना कळलं.

भुरी नावाची एक पोरगी होती, तांड्यातलीच. कधीकाळी गुरुजींच्या कानाशी पुटपुटणाऱ्यांतली. ती उठली, पाटी घेऊन टेबलाशी आली. पाटीवर लिहिलं होतं, 'गुरुजी तो चूक बोल्ला'. गुरुजींनी ते वाचलं. खडू घेऊन 'बोल्ला' दुरुस्त केलं, 'बोलला'. पाटी तिच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन कडुलिंबाखाली उभे राहिले.

सदाशिवरावांना त्यांनी त्याच दिवशी स्वतःहून सांगितलं. सदाशिवराव शेतकरी घरातले, वयानं मोठे, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. त्यांनी पहिली-दुसरीची पोरं स्वतःकडे घेतली, फुलसिंगांकडे लिहायचं काम ठेवलं: शुद्धलेखन, गणितं, कित्ता. वह्या तपासताना गुरुजींचा हात पूर्वीसारखाच चाले. पण वर्ग त्यांच्यासाठी मुका झाला होता. पोरं तोंडं हलवायची आणि त्यांतून काही येत नव्हतं. घरी आले की ते जेवून निजायचे. रुपीबाईशीही बोलायचे नाहीत, कारण बोललं की तिचं उत्तर पुन्हा पुन्हा विचारावं लागे.

*

त्या उन्हाळ्यात बापूजींच्या लेकीचं, लीलेचं लग्न होतं. बापूजी गावातले शेतकरी, शाळेचं सगळं पाहणारे. घाटंजीच्या श्रावण मिस्त्रीचा लाऊडस्पीकर आणला होता. श्रावण मोटारीची बॅटरी, मशीन, तबकड्यांची पेटी आणि दोन भोंगे घेऊन गावोगावच्या लग्नांत हिंडायचा. एक भोंगा त्यानं झाडावर बांधला आणि दुसऱ्याला जागा मिळेना म्हणून मांडवाच्या दाराशी उभ्या केलेल्या रिकाम्या बैलगाडीवर ठेवला.

गुरुजी आहेराचं पातळ बगलेत धरून मांडवात शिरत होते. बैलगाडीजवळून जाताना ते थबकले. दोन पावलं मागे आले. मग वाकून त्यांनी आपला उजवा कान भोंग्याच्या तोंडात घातला आणि गाडीचं चाक धरून तसेच उभे राहिले.

लोक पाहू लागले. आतून श्रावण पळत आला आणि त्यानं त्यांचा दंड धरून मागे ओढलं. "गुरुजी! कान फाटन ना बाप्पा! भोंग्यात डोकं घालून काहून उभे राह्यले?"

गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपला आवाज किती मोठा निघतो ते त्यांना कळत नव्हतं. साऱ्या मांडवाला ऐकू गेलं. "फाटू दे, श्रावण. मले ऐकू येऊन राह्यलं. बाई गाऊन राह्यली, तिचा शब्द न् शब्द समजते मले."

त्या दिवशी गावाला त्यांच्या कानाचं उघड उघड कळलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि कुणीतरी लगबगीनं पंगत मांडायला सांगितली.

पंगती उठल्यावर श्रावण, सदाशिवराव आणि गुरुजी त्याच गाडीच्या सावलीत बसले. श्रावणला बोलायची भारी हौस. पण बहिऱ्या माणसाशी कसं बोलावं हे त्याला आपसूक कळलं. तो समोर बसून सावकाश, तोंड नीट उघडून बोलत होता. त्याच्याकडे कानाला लावायचे हेडफोन होते, लढाईनंतर लष्कराचं जुनं सामान विकायला निघालं तेव्हा नागपूरहून आणलेले. रेडिओ दुरुस्त करताना तो ते वापरायचा.

"भोंग्याच्या जागी हे लावले तर आवाज कानातच पडन," तो म्हणाला. "एक जुनी मशीन हाय माह्याजवळ. लग्नाले चालत नाई आता, दम कमी हाय तिचा. एका खोलीले पुरते."

"नागपूरचा डॉक्टर म्हणे, मुंबईकडं कानाचं यंत्र मिळते," सदाशिवराव म्हणाले. "खिशात मावते म्हणे."

"मुंबई कवा जावं न् ते कवा यावं?" श्रावण म्हणाला. "शाळा उघडली की मी येतो."

शाळा उघडली त्या आठवड्यात तो आला. सामान आणायला बापूजींनी गाडी पाठवली होती. बॅटरी टेबलाखाली गेली, मशीन टेबलावर. श्रावणनं भिंतीत खुंट्या मारल्या आणि पोरांच्या पायांत येऊ नये म्हणून तार आढ्यावरून नेली. दारात दोन्ही खोल्यांची पोरं कोंबलेली. सदाशिवरावांनी सभांमधून पाहिलं होतं तसं माईक गुरुजींच्या टेबलावर ठेवला.

"अठी नाई," गुरुजी म्हणाले.

"मंग कुठं?"

"माह्या आवाजाले काय झालं? माहा आवाज त्याइले ऐकू जातेच. मले त्याइचा ऐकायचा हाय. माईक पोट्ट्यायजवळ द्या."

श्रावण हसला, कारण त्याच्या डोक्यात तेच होतं आणि तो हेडमास्तरांसमोर बोलायला लाजत होता. तार लांब होतीच. माईक पहिल्या पट्टीवरच्या पोरांच्या हाती गेला, पोरांनी तो मांजराचं पिल्लू धरावं तसा दोन्ही हातांनी धरला. गुरुजींनी हेडफोन डोक्यावर चढवले. श्रावणनं खटका दाबला. मशीनमधले व्हॉल्वचे दिवे हळूहळू तांबडे झाले. आधी गुरुजींना पिठाच्या गिरणीसारखी घरघर ऐकू आली, मग कुणाचं तरी खाकरणं, तारेचं घासणं. तेवढ्यानंच त्यांचे दोन्ही हात हेडफोनवर गेले आणि तिथंच राहिले.

माईक भुरीजवळ आला.

"गुरुजी, मी भुरी."

"आनखी बोल."

"काय बोलू?"

"काई बी बोल."

भुरीनं विचार केला. "आमची शेळी व्याली. दोन पिल्लं झाले. एक पांढरं हाय आन् एक मेलं."

वर्ग हसला. या वेळी ते हसणं गुरुजींच्या कानात शिरलं, आणि कोण कोण हसलं ते त्यांनी एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. लखीरामचं नाव घेतलं तेव्हा तो रडायला लागला. पाढ्यातली ती भाकर-चटणी त्याला इतके दिवस डाचत होती. गुरुजींनी त्याला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्याकडून तेराचा पाढा पुरा म्हणवून घेतला.

*

मोहदरीच्या शाळेत माईक आला ही गोष्ट आसपासच्या गावांत झाली. बाजारच्या दिवशी बॅटरी गाडीतून घाटंजीला जायची, श्रावण ती मोटारस्टँडजवळ चार्ज करून परत पाठवायचा. वर्गात माईक पट्टीवरून पट्टीवर फिरायचा. ज्या पोरांना मोठ्यानं बोलायची लाज वाटे, तीही माईकजवळ तोंड नेऊन हळू बोलू लागली. तसं बोललेलं गुरुजींशिवाय कुणाला ऐकू जात नव्हतं. कुणी धडा वाचायचं, कुणी भूक लागली म्हणून सांगायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळा लवकर सुटली. गुरुजींनी बाबूसिंगच्या हाती निरोप धाडून रुपीबाईला शाळेत बोलावलं. ती नंदाला कडेवर घेऊन आली. दारातच अडखळली. तांड्यातल्या बाईनं शाळेत पाय टाकायची रीत नव्हती.

"कायले बोलावलं?" तिनं खुणेनं विचारलं.

गुरुजींनी तिला पोरांच्या पट्टीवर बसवलं, माईक तिच्या हाती दिला, आणि हेडफोन घालून टेबलाशी जाऊन बसले. नंदानं आधी माईक तोंडात घातला. गुरुजींच्या कानात पोरीचा श्वास घुमला, ओल्या ओठांचा मचमच आवाज आला. मग ती त्या वस्तूशी तिच्या भाषेत बोलू लागली, शब्द नसलेलं, लांबलचक, वर-खाली जाणारं. मधेच 'बा' आलं. 'बा, बा, बा'. आपल्या पोरीचा आवाज असा नीट, कानाच्या आत पडेल असा, गुरुजी पहिल्यांदाच ऐकत होते. बारीक, पण किंचित घोगरा. त्यांच्या आईचा होता तसा.

"आता तू बोल," ते रुपीबाईला म्हणाले.

"मी काय बोलू या डबडीत?"

"बोल ना. तुहा आवाज ऐकून लय दिवस झाले."

रुपीबाई लाजली. पदर पुढं ओढला. इकडं-तिकडं पाहिलं आणि माईकला म्हणाली, "घरचं तेल सरलं. बाजारातून आनजा. आन् बाबूसिंग भाऊजी म्हनत होते का कोठ्याचं छप्पर शाकारा लागते."

हे ऐकताना गुरुजींनी डोळे मिटले होते. तेल सरल्याचं ऐकून माणूस असा चेहरा करतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती बोलतच राहिली. शेळीचं सांगितलं, शेजारणीच्या भांडणाचं सांगितलं, आणि ते नागपूरला होते तेव्हा बाळंतपणात तिला किती भीती वाटली होती, ते सांगितलं. ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर अशा सुट्टीच्या दुपारी त्या दोघी मधूनमधून शाळेत येऊ लागल्या.

*

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. पुढल्या वर्षी मशीनचं बटण थोडं पुढे न्यावं लागलं. त्याच्या पुढल्या वर्षी आणखी पुढे. पोरं आता माईकमध्ये ओरडायची आणि गुरुजी तरी "काय? काय?" विचारायचे. घरी नंदा मोठी वाक्यं बोलू लागली होती. ती दारात उभी राहून तांड्यातल्या पोरींना हाका मारायची. गुरुजींना फक्त तिच्या मानेच्या शिरा दिसायच्या.

शाळातपासनीस आले तेव्हा त्यांनी माईक पाहिला, पोरांची परीक्षा घेतली. पोरं चांगली निघाली. जाताना सदाशिवरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "मी या वेळी काही लिहीत नाही. पण असं किती दिवस चालेल, हेडमास्तर?"

बासष्ट सालच्या थंडीत एक दिवस गुरुजींनी हेडफोन घातले, भुरीच्या धाकट्या भावानं धडा वाचला, आणि त्यांना घरघरसुद्धा ऐकू आली नाही. त्यांनी बटण टोकापर्यंत फिरवलं. तारा हलवून पाहिल्या. पोराला पुन्हा वाचायला लावलं. मग सदाशिवरावांना म्हणाले, "मशीन बिघडली. श्रावणले निरोप द्या."

त्या दिवशी घरी गेल्यावर रुपीबाईलाही त्यांनी तेच सांगितलं. मशीन जुनी, तिच्यात दम नव्हताच, असं तीन-चार वेळा सांगितलं.

श्रावण सायकलवर आला. पाना, कथील, नवीन व्हॉल्व, सगळं पिशवीत घालून. वर्ग भरलेला होता. त्यानं झाकण काढलं, आत पाहिलं. दिवे नीट पेटत होते. बॅटरी भरलेली होती. त्यानं हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवले आणि पोरांकडे पाहून मान हलवली. माईक होता त्या पोरानं नेहमीच्या सवयीनं पूर्ण ताकदीनं ओरडून वाचायला सुरुवात केली.

श्रावण एकदम दचकला. वेदनेनं तोंड वाकडं झालं, दोन्ही हात हेडफोनकडे गेले आणि त्यानं ते ओढून काढले. क्षणभराचं काम. पण गुरुजी समोरच उभे होते आणि त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावरच होती.

श्रावण खाली पाहून तारा गुंडाळू लागला. मग मान वर करून, तोंड नीट उघडून म्हणाला, "व्हॉल्व गेला, गुरुजी. असा व्हॉल्व माह्याजवळ नाई. नागपूरहून आना लागन. टाइम लागन थोडा."

"हो," गुरुजी म्हणाले. "टाइम लागन."

त्यांनी स्वतः मशीन उचलून त्याच्या सायकलला बांधायला मदत केली. दोरीची गाठ श्रावणला आवळेना, तेव्हा ती गुरुजींनी मारली. तो रस्त्याला लागला. पुढं कित्येक महिने तो मोहदरीच्या लग्नांची बोलावणी टाळत राहिला.

गुरुजींनी महिनाअखेरीस नोकरी सोडली. सदाशिवराव म्हणाले, वर्ष तरी काढा, आम्ही सांभाळून घेतो. गुरुजींनी मान हलवली. "पोट्ट्यायनं किती ओरडावं, सदाशिवराव? गळे बसले त्याइचे."

*

मग ते शेतात जाऊ लागले. बाबूसिंगच्या जोडीनं पेरणी, डवरणी, वेचणी. बैल त्यांच्या हाताला लवकर वळले. तांड्यात लग्न असलं, होळीच्या लेंगीचं गाणं-नाचणं असलं की ते घोळक्याच्या कडेला बसायचे आणि लोकांच्या पायांकडे पाहायचे. कुणी बोलायला आलं तर हसायचे. हळूहळू येणारे कमी झाले. राग कुणाचाच नव्हता. बोलणं लांबतं, हातानं सांगावं लागतं, लोकांना कामं असतात.

नंदा मात्र त्यांच्याशी अखंड बोलायची. आपला बाप ऐकत नाही हे तिला जन्मापासून ठाऊक, त्यामुळे तिला त्याचं दुःख नव्हतं. ती त्यांच्या समोर येऊन, त्यांची हनुवटी आपल्याकडे वळवून बोलायची. अर्धं त्यांना ओठांवरून कळायचं, अर्धं ते सोडून द्यायचे. शाळेतून आली की ती धडा वाचायची आणि ते तिच्या जिभेकडे, ओठांकडे पाहत चुका काढायचे. पुष्कळदा बरोबर काढायचे. कधी कधी बरोबर वाचलेल्यालाही चूक म्हणायचे. तेव्हा नंदा आईकडे पाहायची, आई डोळ्यांनीच सांगायची, आणि नंदा पुन्हा वाचायची.

एकदा तिनं आईला विचारलं, "बाले माहा आवाज ठावं हाय का वं?"

"हाय ना," रुपीबाई म्हणाली. "तू एवढुशी असतानी ऐकलाय त्यायनं."

"आताचा?"

रुपीबाई भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "जाय, पानी आन."

सहासष्ट साली खोकला पुन्हा आला. बाबूसिंग आणि रुपीबाई त्यांना यवतमाळला घेऊन गेले. तिथला डॉक्टर तरुण होता. जुने कागद पाहून तो रुपीबाईला म्हणाला, "ही सुई पुन्हा द्यावी लागेल. पण ती कानाला वाईट असते." रुपीबाईनं ते हातवारे करून, ओठ हलवून नवऱ्याला सांगितलं. गुरुजींना समजलं आणि ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. डॉक्टरला त्याचं कारण कळेना. रुपीबाईला कळलं आणि तिनं तोंड फिरवलं.

या वेळी सुईनं काम केलं नाही. छातीत काही उरलं नव्हतं. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं.

दोन आठवडे ते ओसरीवर खाटेवर होते. सदाशिवराव येऊन बसून गेले. श्रावण आला. चार वर्षांनी आला. पायाशी बसला. गुरुजींनीच त्याचा हात हातात घेतला आणि दाबला. श्रावण उठून अंगणात गेला आणि कडब्याच्या गंजीआड जाऊन हमसाहमशी रडला.

शेवटच्या दिवशी दुपारी ऊन ओसरीवर आलं होतं. नंदा शाळेतून आली, पिशवी टाकली, खाटेच्या काठावर बसली आणि नेहमीसारखी वडलांची हनुवटी आपल्याकडे वळवून बोलायला लागली. नव्या गुरुजींनी काय शिकवलं, कुणाला मार पडला, तिचा पहिला नंबर कसा एका गुणानं हुकला. गुरुजींचे डोळे तिच्या ओठांवर होते. मग ते तिथंच राहिले, पण हलेनासे झाले.

रुपीबाई उंबऱ्यात उभी होती. तिला दिसलं. पोरगी अजून बोलत होती. एका गुणाची गोष्ट संपायची होती. रुपीबाईनं दाराची चौकट घट्ट धरली आणि ती गोष्ट संपेपर्यंत थांबली. मग पुढे होऊन तिनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला.